‘पुरावा अपुरा’ म्हणजे नेमके काय? स्वभावचित्रण आणि अलंकारांच्या उत्तरांविषयी

प्रश्न : नाशिकचे पालक

माझा मुलगा यंदा दहावीत असून मराठी ही त्याची प्रथम भाषा आहे. आकलनाच्या कृती, व्याकरण, पत्रलेखन यांत त्याला फारशी अडचण येत नाही. मात्र ‘पात्राचा स्वभाव पुराव्यासह स्पष्ट करा’ किंवा ‘अलंकार ओळखून त्यातील सौंदर्य स्पष्ट करा’ असे विचारले की त्याचे गुण हमखास जातात. मागच्या आठवड्यात शाळेच्या सराव परीक्षेत शिक्षकांनी स्वतः रचलेला एक छोटा उतारा होता. चर्चेला सोयीचे जावे म्हणून तो जसाच्या तसा उतरवून देतो.

‘पावसाळ्याच्या तोंडावर सखूबाई दुकानात आली. अण्णांनी मान वर न करता विचारले, “मागचे दोनशे कधी?” ती काहीच बोलली नाही. देव्हाऱ्याचे दार उघडावे तशी अण्णांनी उधारीची वही उघडली, तिचे पान काढले आणि ते तांदूळ मोजायला उठले. माप भरले की तळहाताने शीग मोडून ते सपाट करायचे, ही त्यांची तीस वर्षांची रीत. या वेळी त्यांनी शीग मोडली नाही. माप तसेच पिशवीत उलटे केले. “दोनशे ऐंशी झाले,” ते म्हणाले, दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती गेल्यावर ते बराच वेळ हातात पेन धरून बसून राहिले. रात्री हिशेब लावताना मुलगा म्हणाला, “अण्णा, सखूबाईच्या पानावर दोनशेवर रेघ मारलेली आहे. नुसते ऐंशीच उरलेत.” अण्णा म्हणाले, “हात थरथरतो माझा हल्ली. दिवा मालव.”’

पहिला प्रश्न असा होता : अण्णांच्या स्वभावाचे वैशिष्ट्य उताऱ्यातील पुराव्यासह स्पष्ट करा (3 गुण). मुलाने लिहिले, ‘अण्णा हे कडक व हिशेबी स्वभावाचे होते. कारण ते म्हणतात, “मागचे दोनशे कधी?” तसेच ते म्हणतात, “दोनशे ऐंशी झाले.” यावरून त्यांचा स्वभाव दिसून येतो.’ त्याला एक गुण मिळाला आणि समासात ‘पुरावा अपुरा’ असा शेरा आला. त्याच्या मित्राने अण्णांना ‘प्रेमळ, दयाळू, परोपकारी व आदर्श’ ठरवले होते, आणि गुण त्यालाही एकच मिळाला. दुसरा प्रश्न देव्हाऱ्याच्या वाक्याविषयी होता (2 गुण). तिथे मुलाने ‘उपमा अलंकार. वहीला देव्हाऱ्याची उपमा दिल्यामुळे वाक्य सुंदर झाले आहे’ असे लिहिले. त्यावर एक गुण आणि ‘सौंदर्य कुठे?’ हा प्रश्न.

माझी अडचण अशी की मुलाने उताऱ्यातील दोन वाक्ये अवतरणचिन्हांत दिलेली असताना पुरावा अपुरा कसा ठरतो, हे मला त्याला समजावून सांगता येत नाही. गाईडमधली नमुना उत्तरे पाहिली, तर तीही जवळपास अशीच असतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : जुना फळा

मी सातारा जिल्ह्यात अनेक वर्षे माध्यमिक वर्गांना मराठी शिकवले, त्या अनुभवावरून लिहितो. प्रथम एक गोष्ट नमूद करतो : उतारा उत्तम आहे, आणि तो रचणाऱ्या शिक्षकांनी प्रश्नही विचारपूर्वक काढला आहे. शेरा मात्र त्यांनी घाईत लिहिला असावा, कारण ‘अपुरा’ या शब्दामुळे आणखी एखादे वाक्य जोडले असते तर गुण मिळाले असते, असा समज होतो. आपल्या चिरंजीवांच्या उत्तरातील उणीव संख्येची नाही. त्यांनी दिलेले दोन्ही पुरावे एकाच जातीचे आहेत. दोन्ही ठिकाणी अण्णा काय बोलले एवढेच सांगितले आहे.

एखादे पात्र आपल्याला चार वाटांनी कळते : ते काय बोलते, ते काय करते, इतर माणसे त्याच्याविषयी काय बोलतात किंवा त्याच्याशी कशी वागतात, आणि लेखक स्वतः त्याच्याविषयी काय सांगतो. या चारही वाटा एकाच ठिकाणी पोहोचत असतील तर पात्र सरळ आहे आणि कोणतेही एक वाक्य पुराव्याला पुरते. परंतु बोलणे एका दिशेला आणि करणे दुसऱ्या दिशेला जात असेल, तर लेखकाला जे सांगायचे आहे ते बहुधा त्या फटीतच ठेवलेले असते. या उताऱ्यात अण्णांचे बोलणे तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा ते रुक्ष आहे. त्यांचे करणे पाहा. मापाची शीग मोडली नाही. पेन धरून बसून राहिले. मागच्या दोनशेवर रेघ आली. बोलणारे अण्णा आणि करणारे अण्णा ही जणू दोन माणसे आहेत. आपल्या चिरंजीवांनी पहिल्याचे वर्णन केले, त्यांच्या मित्राने दुसऱ्याचे, आणि दोघांनाही एकेक गुण मिळाला यात मला तरी अन्याय दिसत नाही.

शिगेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आजच्या मुलांनी धान्य मापाने मोजलेले पाहिलेले नसते आणि त्यामुळे उताऱ्यातील सर्वांत बोलका पुरावा त्यांच्या नजरेतून निसटतो. माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण म्हणतो ते त्यावरूनच. दुकानदाराने हात फिरवून शीग मोडली की वरचे धान्य परत पोत्यात पडते आणि गिऱ्हाइकाला नेमके माप मिळते. यात लबाडी काही नाही. तो चोख व्यवहार आहे. म्हणूनच ‘तीस वर्षांची रीत’ हे शब्द महत्त्वाचे ठरतात. ज्याने तीस वर्षे शीग मोडली त्याने एकदा ती मोडली नाही, तर ते विसरून झाले नाही. पुरावा म्हणून हे वाक्य निवडणाऱ्या विद्यार्थ्याने रीत आणि रीत मोडणे या दोन्ही गोष्टी उत्तरात आणल्या पाहिजेत. ‘अण्णांनी जास्त तांदूळ दिले’ एवढेच लिहिले तर त्यातला जीव निघून जातो.

आता विशेषणांविषयी. ‘प्रेमळ, दयाळू, परोपकारी, आदर्श’ ही चौकडी मी हजारो उत्तरपत्रिकांत पाहिली आहे. ती कोणत्याही पात्राला चिकटते आणि म्हणून कोणाचीच ओळख करून देत नाही. स्वभाव एका विशेषणात मावला पाहिजे असे कोणीही सांगितलेले नाही. ‘मदत करताना ती कोणाच्या लक्षात येऊ नये याची काळजी घेणारा माणूस’ असा पूर्ण वाक्यांश लिहिला तरी ते स्वभाववैशिष्ट्यच होते, आणि ते फक्त अण्णांनाच लागू पडते. जाता जाता एक विनंती : ‘फणसासारखे वरून काटेरी पण आतून गोड’ हे वाक्य कृपया मुलाला लिहू देऊ नका. मराठी उत्तरपत्रिकांतल्या प्रत्येक रागीट म्हाताऱ्याच्या वाट्याला हा फणस आलेला आहे.

शेवटी, ‘यावरून त्यांचा स्वभाव दिसून येतो’ या वाक्याविषयी. आपल्याकडे न्यायशास्त्रात अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण आहे : पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. पण धुरावरून अग्नी सिद्ध होतो तो ‘जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात’ हा मधला दुवा मांडल्यावरच. आपले चिरंजीव पर्वताकडे बोट दाखवतात, धुराकडेही दाखवतात आणि थांबतात. शीग न मोडणे म्हणजे दयाळूपणा का, मोठ्याने आकडा सांगणे म्हणजे कडकपणा का, हे सांगणारे एक वाक्य प्रत्येक पुराव्यामागे यायला हवे. परीक्षक त्या वाक्याला गुण देतो. अवतरण तर त्याच्याही समोर छापलेले असतेच.

उत्तर 2 : ओवीबद्ध

जुना फळा यांनी पहिल्या प्रश्नाचा समाचार घेतला आहे, त्यामुळे मी दुसऱ्याकडे वळतो.

अलंकार ओळखणे आणि अलंकाराचे सौंदर्य सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. ओळखण्यासाठी खुणा पुरतात : ‘सारखा, जसा, तसा, सम, परी’ असा साम्यवाचक शब्द असला तर उपमा, ‘जणू, गमे, वाटे, भासे’ असले तर उत्प्रेक्षा, आणि दोन गोष्टी एकच मानल्या तर रूपक. मुलाने ‘तशी’ या शब्दावरून उपमा बरोबर ओळखली आणि त्याचा गुण त्याला मिळाला. सौंदर्य सांगायचे तर उपमेची चारही अंगे एकदा मांडून पाहावी लागतात : उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते; उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते; साम्यवाचक शब्द; आणि साधारण धर्म, म्हणजे दोन्हींत समान असलेला गुण. या वाक्यात उपमेय म्हणजे नुसती वही नव्हे, तर वही उघडण्याची क्रिया. उपमान म्हणजे देव्हाऱ्याचे दार उघडणे. साम्यवाचक शब्द ‘तशी’. साधारण धर्म कुठे आहे? तो लिहिलेलाच नाही. असे एखादे अंग गाळलेले असते तेव्हा तिला लुप्तोपमा म्हणतात, आणि माझ्या मते मुलाच्या उत्तराची नेमकी जागा तीच आहे. लेखकाने जो शब्द गाळला तो वाचकाने भरायचा असतो. हळुवारपणे? श्रद्धेने? रोजच्या नेमाने? मनात काहीशी भीती ठेवून? देव्हाऱ्याचे दार उघडताना हे सगळेच असते.

या संदर्भात मराठीतला एक फार जुना नमुना आठवतो. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात चक्रधरस्वामींचे 114 दृष्टान्त केसोबासांनी एकत्र केले आहेत. त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे मूळ विधान. दृष्टान्त म्हणजे त्यासाठी घेतलेली लहानशी गोष्ट. दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीतले काय मूळ विधानाला कसे लागू होते याचा उलगडा. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे आहेत, दार्ष्टान्तिक मात्र केसोबासांनी लिहिले आहे. म्हणजे ज्यांनी दृष्टान्त सांगितला त्यांच्यावर ते काम न सोडता ते संकलन करणाऱ्या अनुयायाने, म्हणजे एका अर्थी पहिल्या अभ्यासू वाचकाने, स्वतः केले. विद्यार्थ्याकडून परीक्षेत हेच अपेक्षित असते. अलंकार कवीने दिलेलाच आहे, विद्यार्थ्याने त्याचे दार्ष्टान्तिक लिहायचे.

तुकाराम महाराजांच्या ‘लहानपण देगा देवा’ या अभंगात तर ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. ‘लहानपण देगा देवा’ ही मागणी. ‘मुंगी साखरेचा रवा’ आणि ‘ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ हे तिचे दाखले. ‘ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण’ हा उलगडा. व्याकरणाच्या पुस्तकांत हा अभंग दृष्टान्त अलंकाराचे उदाहरण म्हणून येतो, आणि मुले ‘दृष्टान्त’ एवढाच शब्द लिहून मोकळी होतात. अभंगाच्या प्रचलित पाठात पुढे ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती’ असा आणखी एक दाखला येतो, आणि तो मुंगीच्या दाखल्याहून वेगळा आहे. मुंगीला लहान असल्यामुळे काहीतरी मिळते. लव्हाळी लहान असल्यामुळे केवळ वाचते. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला सौंदर्य कुठे आहे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण बहिणाबाईंचे. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.’ यावर सर्रास लिहिले जाणारे उत्तर म्हणजे ‘मनाला गुराची उपमा दिली आहे’. हे दोन कारणांनी चुकीचे आहे. इथे साम्यवाचक शब्द नाही. मन हेच ढोर आहे, म्हणून हे रूपक. त्याच कवितेत पुढे मोकाट मनाच्या वाटांना वाऱ्याने पाण्यावर चाललेल्या लाटांशी जोडताना ‘जशा’ येतो, तिथे उपमा आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कवयित्रीने नुसते ढोर म्हटलेले नाही, ‘उभ्या पिकातलं ढोर’ म्हटले आहे. वढाय म्हणजे ओढाळ, हाकलून दिले तरी पुन्हा पिकात शिरणारे जनावर. त्याला आवरायला गळ्यात लोढणे बांधतात. उभ्या पिकात शिरलेले ढोर भुकेपेक्षा समोरच्या हिरवेपणाला भुललेले असते, ते खाते त्याहून अधिक तुडवते, आणि हाकलणाऱ्या शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्याच पिकात असतात. ‘उभ्या पिकातलं’ हे दोन शब्द काढून टाकले तर रूपक शिल्लक राहते, पण मनावर ताबा ठेवू पाहणाऱ्या माणसाची दमछाक नाहीशी होते. सौंदर्य विचारले असता लिहायचे ते हे.

आता पुन्हा अण्णांच्या वहीकडे येऊ, कारण माझ्या मते दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. वही ज्याला देव्हाऱ्यासारखी आहे, त्या माणसाच्या वहीत खोटी रेघ येणे ही साधी गोष्ट नाही. पैशाच्या हिशेबाने दोनशे रुपये ही रक्कम मोठी नसेलही. पण उपमेमुळे आपल्याला कळते की अण्णांना त्याची किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागली. लेखकाने उपमा सुरुवातीला ठेवली आणि रेघ शेवटी. देव्हाऱ्याची उपमा नसती तर ‘बराच वेळ हातात पेन धरून बसून राहिले’ या वाक्याचा अर्थ लागला नसता. म्हणून पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ही उपमा पुरावा म्हणून वापरता येते, असे त्याला अवश्य सांगा. अलंकार हे भाषेचे दागिने आहेत असे वर्गात शिकवतात, त्यामुळे मुलांना ते काढून ठेवता येण्याजोगे वाटतात.

उत्तर 3 : परदेशी पाटी

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. मुलगी सातवीत आहे आणि रविवारी आम्ही काही पालक मिळून इथल्या मुलांना मराठी शिकवतो. इथल्या शाळांत भाषेच्या तासाला विधान, पुरावा आणि विवरण अशा तीन पायऱ्यांनी उत्तर लिहायला शिकवतात. वर सांगितलेल्या सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिकाशी त्याचे साम्य पाहून मला गंमत वाटली. मात्र माझ्या अनुभवाने एक इशारा द्यावासा वाटतो : पायऱ्या पाठ झाल्या की मुले तिसऱ्या पायरीवर पहिलीच पायरी वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहितात. ‘अण्णा कडक होते. ते म्हणतात, “मागचे दोनशे कधी?” यावरून असे दिसते की अण्णा कडक होते.’ तीन पायऱ्या झाल्या, पण चढ काहीच झाला नाही.

यावर मी एक साधी युक्ती वापरते. विधान हाताने झाकायचे आणि फक्त पुराव्याचे वाक्य वाचून, त्यातून आणखी किती निरनिराळी विधाने निघू शकतात ते मुलांकडून मोजून घ्यायचे. ‘मागचे दोनशे कधी?’ या वाक्यातून माणूस कडक आहे असे निघेल, लोभी आहे असे निघेल, स्वतःच अडचणीत आहे असेही निघेल, किंवा त्याला फक्त सवयीने विचारायची खोड आहे असेही म्हणता येईल. इतक्या विधानांना चालणारा पुरावा कमजोर असतो. तीस वर्षांची रीत मोडून शीग तशीच ठेवण्याच्या वाक्यातून मात्र मुलांना एक किंवा फार तर दोनच विधाने काढता येतात. मुले हा खेळ आवडीने खेळतात, आणि मग अवतरण निवडताना उताऱ्यातले पहिले संभाषण उचलण्याची सवय हळूहळू सुटते. संवाद अवतरणचिन्हांत छापलेले असतात म्हणून मुलांना फक्त तेच ‘पुरावा’ वाटतात, असे माझे निरीक्षण आहे. लेखकाचे निवेदनही अवतरण म्हणून देता येते, हे मला माझ्या मुलीला अनेकदा सांगावे लागले.

उत्तर 4 : लाल पेन

वरील तिन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या बाजूनेही काही सांगणे आवश्यक वाटते. प्रश्न तीन गुणांचा आहे. संपूर्ण कृतिपत्रिका 80 गुणांची असते आणि त्यातील 24 गुण उपयोजित लेखनासाठी असतात, ज्यासाठी मुलांना शेवटी वेळ उरत नाही. अण्णांवर दीड पान लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची बातमी किंवा निबंध अपुरा राहतो, हे मी दरवर्षी पाहतो. पाच ते सहा ओळींत एक नेमके विधान, दोन वेगळ्या जातींचे पुरावे आणि प्रत्येकामागे एक विवरणाचे वाक्य, इतके पुरेसे आहे. अलंकाराचे नावही स्पष्ट लिहावे. सौंदर्याच्या भरात नाव लिहायचेच राहून गेलेली उत्तरे माझ्याकडे येतात आणि मला नाइलाजाने गुण कापावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वरच्या दोन उत्तरांत ‘अण्णांनी रेघ मारली’ हे जवळपास गृहीत धरले आहे. उतारा तसे म्हणत नाही. उतारा इतकेच सांगतो की अण्णा पेन धरून बसले होते आणि रात्री मुलाला दोनशेवर रेघ मारलेली दिसली. मधले आपण जोडतो. ते जोडणे रास्त आहे, कारण वही अण्णांची, पेन त्यांच्या हातात, आणि विचारल्यावर ते नाकारत नाहीत, केवळ हाताला दोष देऊन दिवा मालवायला सांगतात. परंतु जे छापलेले आहे आणि जे आपण त्यावरून काढले आहे, यांतील सीमारेषा उत्तरात दिसली पाहिजे. ‘रेघ अण्णांनीच मारली असावी, कारण…’ असे लिहिणारा विद्यार्थी माझ्या दृष्टीने ‘अण्णांनी कर्ज माफ केले’ असे ठोकून देणाऱ्यापेक्षा अधिक पक्का आहे. ‘असावा’ हा मराठीतला फार उपयोगी शब्द आहे, आणि तो वापरल्याने उत्तर दुबळे ठरते ही मुलांची समजूत चुकीची आहे.

जुना फळा यांच्या एका मताशी मी सहमत नाही. त्यांनी मोठ्याने आकडा सांगण्याला रुक्ष बोलण्यात टाकले. मला ते वाक्य त्या उताऱ्यातले सर्वांत चतुर वाक्य वाटते. दोन गिऱ्हाइके समोर असताना एकीला सवलत दिलेली दिसली, तर उद्या गावभर बोभाटा होईल. म्हणून अण्णा पूर्ण आकडा मुद्दाम ऐकवतात. ते वाक्य बोलण्याच्या रूपातले असले, तरी ती करणी आहे.

जुना फळा

आपला आक्षेप दोन्ही बाबतींत मान्य आहे. ‘असावी’ हा शब्द मी वापरायला हवा होता. तीस वर्षांची रीत माझीही कधीकधी मोडते. मोठ्याने बोलण्याविषयी आपण म्हणता तसा अर्थ निघतो, मात्र त्यासाठी रात्रीच्या रेघेपर्यंत वाचून पुन्हा मागे यावे लागते. पहिल्या वाचनात ते वाक्य कडकपणाचाच पुरावा वाटते. एकच वाक्य आधी एका आणि नंतर दुसऱ्या बाजूने साक्ष देते, हे विद्यार्थ्याने लिहिले तर उत्तमच. उताऱ्याच्या शेवटपर्यंत पोहोचण्याआधी उत्तर लिहायला घेऊ नये, हे माझे विद्यार्थ्यांना नेहमीचे सांगणे असे.

नाशिकचे पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलाला ही चर्चा वाचून दाखवली. शीग म्हणजे काय हे समजावे म्हणून आम्ही स्वयंपाकघरातली वाटी तांदळाने भरून हात फिरवून पाहिला. शीग मोडल्यावर ओट्यावर पडलेले तांदूळ त्याने मूठभर भरतील एवढे आहेत असे स्वतःच म्हटले. त्यानंतर त्याने लिहिलेले उत्तर असे :

‘अण्णा मदत करतात, पण ती मदत कोणालाही, अगदी घेणारीलाही, कळू नये असे वागतात. माप भरल्यावर शीग मोडायची त्यांची तीस वर्षांची रीत होती, तरी सखूबाईला तांदूळ देताना त्यांनी ती मोडली नाही. हे त्यांनी न बोलता केले, म्हणून ती चूक नसून ठरवून केलेली मदत वाटते. तिच्या पानावरील दोनशेवर रेघही त्यांनीच मारली असावी, कारण ती गेल्यावर ते बराच वेळ पेन धरून बसले होते आणि मुलाने विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. ते वही देव्हाऱ्यासारखी जपतात, त्यामुळे तिच्यात चुकीचे लिहिणे त्यांना सोपे गेले नसेल. मात्र त्यांनी उधारीचा आकडा दुकानात मोठ्याने सांगितला, तेव्हा सखूबाईला लाज वाटली असेल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.’

शेवटचे वाक्य त्याने स्वतःच्या मनाने घातले आहे. मी ते काढायला सांगितले, कारण त्यामुळे आधीच्या विधानाला बाधा येते असे मला वाटले. तो काढायला तयार नाही. त्याचे म्हणणे असे की रेघ मारलेली सखूबाईला ठाऊकच नाही. तिच्या दृष्टीने ती दोनशे ऐंशी रुपयांचे ओझे आणि दोन माणसांसमोरची मान खाली घेऊनच घरी गेली. ते वाक्य ठेवावे की काढावे?

लाल पेन

ठेवावे. मी माझ्या उत्तरात अण्णांची बाजू घेतली तेव्हा दुकानात सखूबाईही उभी आहे हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. फक्त ‘विचार त्यांनी केलेला दिसत नाही’ याऐवजी ‘विचार त्यांनी केला की नाही हे उताऱ्यात सांगितलेले नाही’ असे लिहावे; ती गेल्यावर ते बराच वेळ बसून का राहिले याची दोन कारणे संभवतात, आणि त्यांपैकी एक हेही असू शकते.